कमी फळणारी साहेबी

सुरतेच्या डिंडोलीत फेब्रुवारी लागला की केळीच्या गाड्यांशेजारी द्राक्षाच्या गाड्या उभ्या राहतात. माल बहुतेक नाशिककडचा: पिंपळगाव, निफाड, दिंडोरी. हंगामाच्या तोंडाला आलेला असेल तर बागलाणचा. गाडीवाला घडातला एक मणी तोडून गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवतो. गिऱ्हाईक तो तोंडात टाकतं आणि दोनच गोष्टी विचारतं: गोड आहे ना, आणि बी तर नाही ना? जातीचं नाव कुणी विचारत नाही. हाच माणूस मे महिन्यात आंब्याच्या गाडीवर केसर, राजापुरी, लंगडा अशी उलटतपासणी घेतो. द्राक्ष मात्र नुसतं द्राक्ष. फार तर हिरवं की काळं, एवढाच भेद.

असं नेहमीच नव्हतं. नाशिकच्या जुन्या बागाइतदारांच्या तोंडी भोकरी, फकडी, हबशी, साहेबी ही नावं सहज असत. भोकरी भरघोस लागायची, जाड सालीची, बियांची, चवीला बेताची. पोट भरणारी जात ती. साहेबीचा थाट वेगळा. तिच्यात काळी आणि पांढरी असे दोन प्रकार, आणि ही पुस्तिका पांढरीविषयी आहे. मोठा, लांबट, फिकट मणी, आत भरीव गर, दोन-तीन बिया, आणि खाणाऱ्याला नाव लक्षात ठेवायला लावील अशी चव. तिचा दोष एकच, पण तो जिवावरचा: ती कमी फळते. वेल जोमानं वाढतो, मांडव झाकून टाकतो आणि घड द्यायच्या वेळी हात आखडतो. आज व्यापारी बागेत तिला शोधायला निघाल तर चप्पल झिजेल. तरी तिच्यावर पुस्तिका का, आणि तीही डिंडोलीतल्या वाचकांसाठी का, हे सांगणं प्रस्तावना लिहिणाऱ्याचं काम आहे.

दख्खनला द्राक्ष नवं नाही. चौदाव्या शतकात इब्न बतूता दौलताबादला आला, तेव्हा तिथे द्राक्षं आणि डाळिंबं असल्याचं आणि त्यांची वर्षातून दोन पिकं निघत असल्याचं त्यानं नोंदवलं. प्रवाशांच्या गप्पा म्हणून हे सोडून द्यावंसं वाटेल, पण द्राक्षाच्या बागेत वाढलेला माणूस ते सोडणार नाही. आपल्याकडे वेल हिवाळ्यात झोपत नाही. युरोपात थंडीनं पानं गळतात, वेल निजतो, वसंतात उठतो आणि वर्षाला एक पीक देतो. इथे थंडी तेवढी कडक नाही, म्हणून वेलाला कात्रीनं वळण द्यावं लागतं, आणि दोनदा कात्री लावली की तो दोनदा फुटतो. नाशिककडे पूर्वी पावसाळ्यातलं आंबट पीक आणि फेब्रुवारी-मार्चमधलं गोड पीक अशी दोन्ही पिकं माहीत होती. पुढे आंबट पीक सोडून दिलं गेलं, छाटण्या मात्र दोन राहिल्या.

त्या दोन छाटण्या समजल्या तर साहेबीची अर्धी कहाणी समजते. एप्रिलमध्ये खरड छाटणी: ओलांड्यावरच्या, म्हणजे वेलाच्या आडव्या फांदीवरच्या, जुन्या काड्या अगदी बुडाशी कापायच्या. त्यातून उन्हाळ्यात नव्या काड्या येतात. या काड्यांच्या डोळ्यांत, बाहेरून काहीही दिसत नसताना, पुढच्या हंगामाचे घड तयार होतात. छाटणीनंतरचे साधारण चाळीस ते सत्तर दिवस त्यासाठी मोलाचे. त्या दिवसांत काडीवर ऊन पडलं, पाणी आणि नत्र बेतानं दिलं, तर डोळ्यात घड बसतो. पानांची गर्दी झाली, सावली पडली, आभाळ भरून राहिलं, तर तोच डोळा पुढे नुसती तणावी आणि पानं देतो. ऑक्टोबरमध्ये फळछाटणी करायची, काडीवर मोजके डोळे ठेवायचे, आणि मग जे काही उन्हाळ्यात आत ठरलं होतं ते बाहेर येतं. कधी घड दिसतो आणि दिसता दिसता त्याची तणावी होते. बागाइतदार याला घड जिरणं म्हणतात. ज्याच्या बागेत घड जिरलेत त्या माणसाशी त्या आठवड्यात बोलायला जाऊ नये.

जोमदार वेल स्वतःच्या सावलीत स्वतःचे घड मारतो. त्याला आवरायला विरळणी, शेंडा मारणं, काड्या मांडवावर नीट पसरून बांधणं अशी सगळी मेहनत लागते. जुन्या नाशिक पद्धतीत मांडवच नव्हता. पांगाऱ्याचे खुंट जमिनीत रोवायचे, ते जगायचे, फुटायचे, आणि वेल त्यांच्या आधारानं वर जायचा. जिवंत आधार स्वस्त पडे, पण पांगाऱ्याचीही पानं आणि वेलाचीही पानं, अशात काडीला ऊन मिळणार किती? साहेबीचा कमी फळण्याचा गुण रक्तातला असेलच, पण त्यात आपल्या मशागतीचाही वाटा असावा, असं मला वाटतं. तारांच्या वाय पद्धतीवर, ठिबकावर, डॉगरिज या कलमाच्या खुंटावर ती कशी वागली असती हे पाहायला ती तोवर बागेत उरलीच नव्हती.

कमी फळण्याचं दुसरं कारण फुलात असू शकतं. द्राक्षाच्या बहुतेक लागवडीच्या जाती स्वतःच्या परागावर फळतात. काही जातींच्या फुलांत मात्र पुंकेसर मागे वळलेले असतात आणि पराग वांझ असतो. अशा वेलाशेजारी परागासाठी दुसरी जात लावावीच लागते, नाहीतर घडात मणी धरत नाहीत. कमी फळणारी जात हाती आली की आधी भिंग घेऊन फूल पाहावं, मग खताच्या पिशवीकडे जावं. द्राक्षाचं फूल मोहरीएवढंही नसतं. त्याच्या पाकळ्या फुलासारख्या उमलत नाहीत. बुडाशी सुटून टोपीसारख्या एकत्र गळतात, आणि आतले पाच केसर उघडे पडतात. ते ताठ आहेत की मान टाकलेले, एवढंच पाहायचं.

साहेबीच्या या स्वभावावर कुणी प्रयत्न केलाच नाही असं मुळीच नाही. पुण्याच्या गणेशखिंड बागेत डॉ. जी. एस. चीमा यांनी पांढऱ्या साहेबीच्या बिया पेरून, आलेल्या रोपांतून निवड केली. द्राक्षाच्या बीपासून आलेलं रोप आईसारखं होत नाही. शंभर बिया पेरल्या तर शंभर स्वभाव. बागाइतदार म्हणूनच काडी लावतो, बी नाही. संशोधकाला मात्र हीच गोष्ट हवी असते. त्या शंभर स्वभावांतून साहेबीची चव आणि जास्त पीक हे दोन्ही एकत्र आलेला वेल शोधायचा. त्यातून निघालेली जात ‘चीमा साहेबी’. काही काळ तिची महाराष्ट्रात लागवडही झाली.

आता याच बागेतल्या आणखी दोन निवडी पाहा. लखनौहून आलेल्या पेरूच्या बियांच्या रोपांतून निवडलेला एल-४९, म्हणजे आज आपण ज्याला सरदार म्हणतो तो पेरू. आणि आळंदीच्या डाळिंबाच्या रोपांतून १९३६च्या सुमारास निवडलेलं जीबीजी-१, जे पुढे ‘गणेश’ नावानं गाजलं आणि ज्यानं सोलापूर-नगर-नाशिकच्या कोरडवाहू शेतकऱ्याला दोन पैसे दाखवले. तीन फळं, एकच बाग, निवडीची एकच रीत. पेरू आणि डाळिंब बाजारावर बसले, साहेबी मागे पडली. निवड चुकली म्हणून नव्हे. पेरू-डाळिंबात बी असतंच हे गिऱ्हाइकानं धरून चाललेलं होतं. द्राक्षाच्या बाबतीत मात्र लवकरच बिनबियांचं फळ त्याच्या हातावर येणार होतं.

इथे डिंडोलीचा संबंध येतो. तो ओढून आणलेला नाही. १ मे १९६० पर्यंत सुरत आणि नाशिक एकाच राज्यात होते. पुण्यात चाललेलं फळसंशोधन मुंबई सरकारचं, म्हणजे सुरत जिल्ह्यातल्या शेतकऱ्याचंही होतं. त्याआधी मागे गेलं तर सुरतेचं आणि द्राक्षाच्या मद्याचं नातं बंदराचं आहे. ओव्हिंग्टन नावाचा पाद्री १६८९ साली सुरतेच्या इंग्रज वखारीत राहिला. तिथल्या जेवणाच्या मेजावर इराणातल्या शिराझची वाइन असे, हे त्याच्या प्रवासवर्णनावरून कळतं. एवढ्या लांबून, बाटल्या-पेट्यांतून, समुद्रमार्गे. पुढे एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी हिंदुस्थानात वाइनसाठी द्राक्षं लावली त्याचा इतिहास जिथे सांगितला जातो, तिथे काश्मीर, बारामती आणि सुरत ही तीन नावं बरोबरीनं येतात. १८८३च्या कलकत्त्याच्या प्रदर्शनात देशी वाइन मांडल्या गेल्या आणि लोकांना आवडल्या. त्यानंतर फिलॉक्सेराची साथ आली. मुळांवर जगणारी ही बारीक कीड. तिनं आधी फ्रान्स उद्ध्वस्त केला होता. तिच्यावरचा उपाय म्हणजे अमेरिकी जंगली वेलाच्या खुंटावर कलम करणं, आणि आज नाशिकपासून बोर्दोपर्यंत बहुतेक द्राक्ष परक्या मुळावर उभं आहे ते या चालीमुळे. आपल्याकडे खुंट आले ते मात्र पुष्कळ नंतर, आणि किडीपेक्षा क्षारपड जमीन आणि पाण्याची टंचाई यांच्या भीतीनं.

मग १९४९. मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा. राज्य फुटलं तेव्हा दोन्ही वारसांच्या वाट्याला हाच कायदा आला. महाराष्ट्रानं परवान्यांच्या वाटेनं तो सैल केला, गुजरातनं तो घट्ट धरला. म्हणून डिंडोलीत राहणाऱ्या, जळगाव-धुळे-नंदुरबारहून आलेल्या कुटुंबातल्या वाचकाला नाशिकचं द्राक्ष गाडीवर मिळतं आणि नाशिकची वाइन मिळत नाही. ही पुस्तिका त्या कायद्याशी वाद घालायला लिहिलेली नाही. तिच्यात वाइन घरी कशी करावी याचा एक शब्द नाही, आणि कुणी तशी खटपट इथे करूही नये; गुन्हा आहे तो. पण वेलाची गोष्ट सांगताना बाटलीचा विषय टाळता येत नाही, कारण कमी फळणाऱ्या जातीला जगात जिथे कुठे मान मिळाला तो बाटलीमुळेच.

इटलीच्या ईशान्य टोकाला, फ्रिउली प्रांतात, पिकोलित नावाची पांढऱ्या द्राक्षाची जात आहे. तिचं फूल अर्धवट. परागधारणा इतकी वाईट की घडात मूठभर मणी धरतात, बाकीचा देठ रिकामा. आपल्या आडत्यानं असा घड पाहिला तर पेटी परत पाठवील. पण वेलाची सगळी साखर त्या मूठभर मण्यांत उतरते. त्यांची गोड वाइन अठराव्या शतकात फाबिओ असक्विनी या सरदारानं युरोपातल्या दरबारांत पोचवली, आणि तीच कमी फळणारी जात त्या प्रांताचा मानबिंदू झाली. पिकोलितचा दोष साहेबीच्याच जातकुळीतला. तिला गिऱ्हाईक मात्र असं भेटलं जे किलोवर मोजत नव्हतं.

चीमा साहेबी ज्या वर्षांत शेतकऱ्यांच्या हाती आली त्या वर्षांत मुंबई राज्यात वाइनचा विचारही करता येत नव्हता. तिच्यापुढे फक्त हातगाडी होती, आणि हातगाडीवर आधी आली अनाब-ए-शाही. हैदराबादची ही जात एकरी इतकी पिकायची की चवीची चर्चा मागे पडली. पाठोपाठ थॉम्सन सीडलेस आलं आणि बियांचा प्रश्नच मिटला. थॉम्सनचा मणी मुळात लहान. जिब्रेलिक ॲसिडात घड बुडवून तो मोठा करायचं तंत्र शेतकऱ्यांनी आत्मसात केलं आणि खेळ संपला. त्यानंतरचं निवडीचं काम प्रयोगशाळेत कमी आणि बांधावर जास्त झालं. तासगावजवळच्या बोरगावात वसंतराव आर्वे यांनी थॉम्सनमध्येच वेगळा दिसणारा वेल हेरून ‘तास-ए-गणेश’ दिली. सोलापूरकडच्या नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी ‘सोनाका’ आणि ‘शरद सीडलेस’ दिल्या. ही माणसं थोर आहेत, यात शंका नाही. पण त्यांची नजर ज्या वेलावर होती तो सगळा बिनबियांचा. साहेबीकडे असा हेरणारा डोळा नंतर वळला नाही.

आता प्रश्न येतो तो वाइनवाल्यांचा. नारायणगावच्या इंडेजनं १९८०च्या दशकात शँपेनच्या पद्धतीची फेसाळ वाइन केली. नाशिकला राजीव सामंत यांच्या सुलानं सोव्हिन्याँ ब्लाँ आणि शेनिन ब्लाँ लावून २००० साली पहिली वाइन बाजारात आणली. २००१ साली राज्याचं द्राक्ष-वाइन धोरण आलं, विंचूर आणि पलूस इथे वाइन पार्क निघाले. या सगळ्या खटाटोपात देशी पांढऱ्या जातीचा विचार झाला नाही. याचा राग येणं सोपं आहे. मलाही येत असे. पण वाइनवाल्याची बाजू ऐकली तर तो राग टिकत नाही.

पांढऱ्या वाइनसाठी द्राक्ष दाबून रस लगेच सालीपासून वेगळा करतात. लिटरमागे साधारण सतरा ग्रॅम साखरेतून एक टक्का मद्यार्क होतो, म्हणजे बावीस ब्रिक्सच्या (शंभर ग्रॅम रसात बावीस ग्रॅम साखरेच्या) आसपासचा रस हवा. साखर इथे सहज मिळते. ऊन आहे. अडचण आंबटपणाची. पिकताना मण्यातलं मॅलिक आम्ल जळत जातं आणि रात्र जितकी उबदार तितकं ते लवकर जळतं. नाशिक जमतं ते यामुळे की तिथलं द्राक्ष थंडीत पिकतं, आणि निफाडचा पारा जानेवारीत एक आकडी होतो. तरीही जातीच्या अंगात आम्ल धरून ठेवायचा गुण असावा लागतो. फ्रान्सच्या लुआर खोऱ्यातल्या शेनिनमध्ये तो आहे, म्हणूनच ती इथे रुळली. दुसरं, सुगंधाचा मोठा भाग सालीत आणि सालीलगत असतो. लहान मण्यात रसाच्या मानानं साल जास्त. साहेबीसारख्या मोठ्या, गरदार मण्यात कमी. खायच्या द्राक्षाचे सगळे गुण वाइनमध्ये अवगुण ठरू शकतात. मोठा मणी, सौम्य गोडी, कमी आंबटपणा: गाडीवर हे कौतुक आणि पिंपात ही अडचण. म्हणून पांढरी साहेबी लावा आणि तिची थोर देशी वाइन होईल, असा दावा या पुस्तिकेत कुठेही केलेला नाही, आणि कुणी केला तर दोन हात दूर राहावं.

देशी जातीच्या रक्तातून वाइनचं द्राक्ष काढता येतं का, याचं उत्तर मात्र बंगळुरूनं दिलं आहे. हेसरघट्ट्याच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेनं अनाब-ए-शाही आणि क्वीन ऑफ द व्हिनयार्ड्‌स यांचा संकर करून ‘अर्का सोमा’ ही पांढऱ्या वाइनसाठीची जात काढली. खाण्याच्या द्राक्षाला दुसऱ्या सुगंधी जातीची जोड दिली की पिंपाची भाषा थोडीफार बोलता येते, असा त्याचा अर्थ. साहेबीला अशी जोड द्यायला आजही काही हरकत नाही. पुण्याजवळ मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आणि होळच्या शेतावर द्राक्षाचं काम करणारी आघारकर संशोधन संस्था, दोन्ही महाराष्ट्रातच आहेत.

पण जात काढणं वेगळं आणि ती शेतकऱ्याच्या गळ्यात बांधणं वेगळं. २००९च्या सुमारास वाइनची मागणी बसली तेव्हा नाशिकच्या करार शेतकऱ्यांनी हे भोगलं. वाइनचा मणी लहान, बियांचा, दाट घडाचा. कारखान्यानं नाही म्हटलं तर तो गाडीवर जात नाही, बेदाण्याला जात नाही. एकच गिऱ्हाईक, आणि त्यानं पाठ फिरवली की बाग उपटण्यावाचून गत्यंतर नाही, कित्येकांनी उपटल्याच. थॉम्सनवाल्याला निदान तीन दारं असतात: ताजी विक्री, निर्यात, बेदाणा. कमी फळणाऱ्या जातीचे गोडवे गाणाऱ्यानं हा हिशेब आधी मांडावा. माझं मत असं की साहेबीसारखी जात एकट्या शेतकऱ्याच्या जोखमीवर परत आणू नये. ती संग्रहात जिवंत ठेवावी, संकरासाठी वापरावी, आणि हौशी माणसानं चार वेल लावून तिच्याकडे नीट लक्ष द्यावं. फ्रान्समध्ये व्हिओन्ये ही पांढरी जात १९६०च्या दशकात काँद्रियू गावच्या उतारांवर मोजक्या हेक्टरांपुरती उरली होती. आज ती नाशिकलाही लागते. मधली वर्षं तिला सांभाळलं ते पिढीजात हट्टी बागाइतदारांनी. कारखाने मागून आले.

पुस्तिकेचा पहिला भाग जातींच्या ओळखीचा आहे: पान, पानाची खाच, कोवळ्या शेंड्यावरची लव, फूल, घड, मणी, बी या क्रमानं. घाई असेल त्यानं इतिहासाचा भाग वगळला तरी चालेल, पण हा वगळू नये. मधला भाग छाटणीचा. शेवटचा भाग इथल्या वाचकांच्या आग्रहानं जोडला आहे, कारण डिंडोलीच्या रो-हाउसांच्या गच्चीवर द्राक्षाचा वेल येईल का, हा प्रश्न सगळ्यांचाच असतो. उत्तर असं: वेल येईल, सावली देईल, फळ बेताचं देईल. सुरतेची हवा दमट, रात्री उबदार, पाऊस नाशिकच्या द्राक्षपट्ट्यापेक्षा बराच जास्त. केवडा आणि भुरी हे बुरशीचे रोग ठरलेले पाहुणे. मोठं पिंप घ्या, तळाला पाणी निघायला भोकं ठेवा, भारी काळी माती एकटी वापरू नका. वेल गच्चीच्या अशा कडेला लावा जिथे सकाळचं ऊन पानावरचं दव लवकर वाळवील. खरड छाटणी एप्रिलमध्ये, फळछाटणी पाऊस पुरता उघडल्यावर, मग ऑक्टोबर संपला तरी चालेल. केवड्यासाठी एक टक्का बोर्डो मिश्रण: लिटरभर पाण्याला दहा ग्रॅम मोरचूद आणि दहा ग्रॅम चुना, प्लॅस्टिकच्या भांड्यात, लोखंडाच्या नव्हे, आणि ज्या दिवशी केलं त्याच दिवशी वापरायचं. कोवळ्या पानावर त्याच्या निम्म्या ताकदीचं. काडी आणताना जातीचं नाव विचारून चिठ्ठीवर लिहून आणा आणि ती चिठ्ठी पिंपाला बांधा. पहिल्या वर्षी घड दिसला तर खुडून टाका. त्या वर्षी खोड आणि ओलांडा तयार करायचा असतो.